छप्पर नसलेला डबा

युरोपात आगगाडीचे तिकीट काढताना आजही बहुधा एक प्रश्न समोर येतो : पहिला वर्ग की दुसरा? गाडी तीच, वेग तोच, पोहोचण्याची वेळही तीच. पहिल्या वर्गात आसने ऐसपैस असतात आणि शेजार विरळ असतो, एवढाच काय तो फरक. मग अधिकचे पैसे नेमके कशाचे? हा प्रश्न आम्हांला हिशेबापेक्षा इतिहासाचा वाटतो. आणि तो इतिहास सुखसोयींपेक्षा गैरसोयींचा अधिक आहे.

इंग्लंडमध्ये आरंभीच्या काळात तिसऱ्या वर्गाचे उतारू अनेकदा उघड्या वाघिणींतून नेले जात. २४ डिसेंबर १८४१ रोजी रेडिंगजवळच्या सॉनिंग येथे रुळांवर दरड कोसळली आणि अशा उतारूंना नेणारी एक मालगाडी तिच्यावर आदळली. वाघिणींचे कठडे बुटके होते. माणसे बाहेर फेकली गेली. आठ जण जागीच ठार झाले, नववा पुढे दगावला. त्यांपैकी बरेच जण लंडनमध्ये पार्लमेंटच्या नव्या इमारतीवर काम करणारे पाथरवट होते. त्याच पार्लमेंटने १८४४ साली कायदा करून रोज किमान एक अशी गाडी सक्तीची केली, की जिच्यात मैलाला एक पेनी भाड्यात गरिबालाही बसायला आसन आणि ऊनपावसापासून आडोसा मिळेल.

तोवर छप्पर का नव्हते? ते परवडत नव्हते म्हणून, असे आपण सहज म्हणू. ज्यूल द्यूप्वी या फ्रेंच अभियंत्याने १८४९ मध्ये याचे वेगळे उत्तर दिले. छपराला लागणारे थोडेसे फ्रँक वाचवणे हा कंपनीचा हेतूच नव्हे, असे त्याने दाखवले. ज्याला दुसऱ्या वर्गाचे भाडे परवडते त्याने तिसऱ्या वर्गात बसू नये, हा खरा हेतू. गरिबाला त्रास होतो, पण तो त्रास गरिबासाठी योजलेला नसतो. त्याच्याकडे पाहून सुस्थिताने घाबरावे, यासाठी तो असतो. याच न्यायाने वरच्या वर्गावर गरजेपेक्षा अधिक खर्च केला जातो. म्हणजे प्रवासी आपल्या मर्जीने वर्ग निवडतो असे दिसते, परंतु त्याच्यापुढचे पर्याय आधीच कोणीतरी घडवलेले, क्वचित मुद्दाम बिघडवलेले असतात.

या भेदाकडे कलेचे लक्ष गेले नसते तरच नवल. अब्राहम सॉलोमनने १८५४ मध्ये चित्रांची एक जोडी रंगवली : पहिल्या वर्गात तरुण-तरुणीची भेट, दुसऱ्या वर्गात मायलेकरांची ताटातूट. भेटीच्या चित्रात मुलीसोबतचे वडीलधारे गृहस्थ झोपलेले होते. यावर टीका झाली, तेव्हा नव्या आवृत्तीत चित्रकाराने त्यांना जागे करून दोघांच्या मध्ये बसवले! ओनोरे दोमिएच्या १८६०च्या दशकातील चित्रात मात्र तिसऱ्या वर्गाच्या बाकावर टोपली सांभाळणारी वृद्धा, बाळाला पाजणारी आई आणि झोपी गेलेला मुलगा आहे. येथे कथानक नाही. आहे ती केवळ दाटी आणि थकवा.

दाटीपासून सुटका हेच पहिल्या वर्गाचे आकर्षण. पण त्या बंद, एकाकी कक्षातच भय शिरले. १८६० मध्ये फ्रान्समध्ये प्वांसो नावाचे न्यायाधीश आणि १८६४ मध्ये लंडनमध्ये टॉमस ब्रिग्ज हे बँकेतील गृहस्थ पहिल्या वर्गाच्या डब्यात मारले गेले. धावत्या गाडीत हाक मारली तरी ऐकायला कोणी नव्हते. विकत घेतलेला एकांत असा उलटला. अखेर १८६८च्या ब्रिटिश कायद्याने, लांब पल्ला न थांबता धावणाऱ्या गाड्यांत प्रवाशांना रेल्वे कर्मचाऱ्यांशी संपर्क साधण्याची सोय सक्तीची केली.

पुढे मिडलंड रेल्वेने १८७२ मध्ये आपल्या सर्व गाड्या तिसऱ्या वर्गाला खुल्या केल्या आणि १८७५ मध्ये दुसरा वर्गच रद्द केला. इतर कंपन्याही हळूहळू त्या वाटेने गेल्या. ब्रिटनमध्ये कित्येक दशके पहिला आणि तिसरा असे दोनच वर्ग प्रामुख्याने उरले, मधला गायब! ३ जून १९५६ रोजी युरोपातील बहुतेक देशांनी तिसरा वर्ग मोडीत काढला. ब्रिटनने त्याच दिवशी तिसऱ्याला दुसरा म्हणायला सुरुवात केली. डबा तोच, पाटी नवी.

भारतीय रेल्वेतील तिसरा वर्ग १९७४ मध्ये संपला. मराठीत मात्र ‘थर्डक्लास’ हे विशेषण अजून ठणठणीत आहे. हलक्या नाटकाला, चहाला आणि माणसालाही आपण ते सहज लावतो. आमच्या मते द्यूप्वीचे म्हणणे येथे आणखी एक पाऊल पुढे जाते. आधी डबा मुद्दाम वाईट ठेवला गेला, मग त्यात बसणाराच वाईट ठरला. साहित्यात आगगाडीचा प्रसंग वाचताना म्हणूनच पात्र कोणत्या वर्गात बसले आहे, एवढेच पाहून भागत नाही. लेखक त्याच्याकडे कोणत्या डब्यातून पाहतो आहे, हेही विचारायला हवे.