चॅपल हिलचा प्रशिक्षक

ॲन्सन डोरन्स यांचा जन्म १९५१चा, मुंबईतला. वडील तेल कंपनीत असल्याने बालपण मात्र देशोदेशी गेले. अमेरिकेतील चॅपल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने १९७९ मध्ये महिला फुटबॉल संघ उभारला, तेव्हा पुरुष संघ सांभाळणाऱ्या डोरन्स यांच्याकडेच तो आला. त्यांचे खरे वैशिष्ट्य सरावात होते. प्रत्येक धाव, समोरासमोरची प्रत्येक झुंज मोजली जाई आणि सर्वांना दिसेल अशी क्रमवारी लावली जाई. पद्धत निष्ठुर होती, पण विख्यात अमेरिकी फुटबॉलपटू मिया हॅम याच मुशीतून घडली. १९८१ ते २०१२ दरम्यान संघाने २२ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. मधल्या काळात, १९९१ मध्ये, डोरन्स यांच्याच मार्गदर्शनाखाली अमेरिकेने महिलांचा पहिला विश्वचषक जिंकला. २०२४च्या ऑगस्टमध्ये ते निवृत्त झाले. त्याच हंगामात विद्यापीठाच्या संघाने तेविसावे विजेतेपद पटकावले.