सासष्टीचें पाद्रीघर आणि त्यांतून निघालेलें पुराण

सोलापूरचा भुईकोट किल्ला आणि गोव्यांतील सासष्टी प्रांत ह्यांचा एकमेकांशीं कांहीं संबंध असेल, असें सोलापूरच्या रहिवाशांस सहसा वाटणार नाहीं. परंतु सोळाव्या शतकांत हीं दोन्ही नांवें विजापूरच्या आदिलशाहीच्या एकाच खातेवहींत होतीं. एक जमेच्या बाजूस, एक खर्चाच्या. हुसेन निजामशहानें आपली कन्या चांदबिबी हिच्याबरोबर सोलापूर अली आदिलशहास आंदण दिलें, आणि त्या सोयरिकीच्या बळावर १५६५ ची तालिकोटची लढाई जिंकली गेली. सासष्टी मात्र त्यापूर्वींच, १५४३ सालीं, विजापूरच्या हातून पोर्तुगिजांकडे गेली होती. १५७० मध्यें अली आदिलशहानें गोव्यास वेढा घातला; तो वर्षभर चालून निष्फळ झाला, आणि सासष्टी परत येण्याची आशा संपली. ह्याच सासष्टींत जेझुइट संघाच्या पाद्र्यांनीं जें घर मांडलें, त्या घरांतून मराठी भाषेस जवळजवळ अकरा हजार ओव्यांचें एक पुराण मिळालें.

जेझुइट म्हणजे येशूसंघाचे लोक. १५४० सालीं पोपनें ह्या संघास मान्यता दिली, आणि दोनच वर्षांनीं त्यांतील एक आद्य पुरुष, फ्रान्सिस झेवियर, गोव्याच्या बंदरांत उतरला. जुन्या मठांतील संन्यासी ठराविक प्रहरीं एकत्र जमून प्रार्थना गात. येशूसंघानें ही चाल मुद्दामच सोडून दिली. कारण ज्याला उद्यां कोठेंही धाडलें जाईल त्याला मठाच्या घंटेशीं बांधून ठेवतां येत नाहीं. बाकी व्रतें तींच होतीं: निर्धनता, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. स्वतःची म्हणून वस्तु नाहीं, दिवसांतून दोनदां आपल्या वर्तनाची मनाशीं झडती, वरिष्ठाचा शब्द अखेरचा. घरांत सगळेच पुरोहित नसत. स्वयंपाक, शिवणकाम, सुतारकाम पाहणारे बंधूही त्याच व्रतांनीं बांधलेले असत. प्रत्येक प्रांतांतून दरसाल रोमला पत्र जाई. ह्या पत्रांनींच पुढच्या इतिहासकारांची सोय केली आहे, जरी तीं लिहिणारांस आपल्या घराची बाजू उजळ दाखविण्याचा मोह आवरलेला नसे. आणखी एक नियम असा होता कीं, ज्या देशांत राहावयाचें त्या देशाची भाषा शिकावयाची. पाळावयास सर्वांत कठीण तोच होता.

सासष्टी हें नांवच तेथील सहासष्ट गांवांवरून पडलेलें आहे. १५६० पासून ही गांवें जेझुइटांकडे सोंपविलीं गेलीं. ते तेथें आले ते राजसत्तेच्या सावलींतून आले, ही गोष्ट झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. १५६७ मध्यें रायतूरच्या किल्लेदारानें सासष्टींतील सुमारें २८० देवळें पाडलीं. कुशस्थळीचा मंगेश आणि केळोशीची शांतादुर्गा ह्यांना भक्तांनीं नदीपलीकडे, आदिलशाही अंमलाखालीं असलेल्या अंत्रुज महालांत नेऊन वांचविलें. पोथ्याही सुटल्या नाहींत. कांहीं पोथ्या जेझुइटांच्या हातीं आल्या, त्यांनीं त्या संत पावलाच्या कॉलेजांत नेल्या आणि त्यांवरून भाषा शिकावयास आरंभ केला! रोमन लिपींत उतरवून घेतलेल्या रामायण-महाभारताच्या कथा आज पोर्तुगालांत, ब्रागा शहराच्या ग्रंथालयांत पाहावयास मिळतात. ज्या हातांनीं पोथी हिरावून घेतली त्याच हातांनीं तिची नक्कल झाली, आणि ती नक्कलच आज उरली आहे.

अशा ठिकाणीं १५७९ सालीं थॉमस स्टीफन्स हा इंग्रज आला. इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यांतील बुश्टन गांवच्या एका व्यापाऱ्याचा हा मुलगा. एलिझाबेथ राणीच्या राज्यांत कॅथोलिक पंथ पाळणें हा अपराध झाला होता. स्टीफन्स आपला स्नेही थॉमस पाउंड ह्याच्याबरोबर, त्याच्या नोकराचा वेष घेऊन हिंडत असे. पाउंड पकडला गेला व आयुष्याचीं तीसएक वर्षें त्यानें तुरुंगांत काढलीं. स्टीफन्स निसटून रोमला पोंचला आणि १५७५ मध्यें येशूसंघांत दाखल झाला. ४ एप्रिल १५७९ रोजीं तो लिस्बनहून निघाला आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास लागला. त्या सफरीचें वर्णन करणारें बापास लिहिलेलें त्याचें पत्र पुढें इंग्लंडांत छापलें गेलें, आणि इंग्रज दर्यावर्दी लोकांनीं तें आवडीनें वाचलें. आपल्या मायभूमींत राजाज्ञेनें लादलेला धर्म नाकारून जो पळाला, त्यालाच राजाज्ञा दुसऱ्यांवर धर्म लादीत होती अशा मुलखांत चाळीस वर्षें काढावीं लागलीं. ही विसंगति त्याला स्वतःला किती बोंचली असेल हें त्याच्या लेखनांतून कोठेंच उघड होत नाहीं.

१५८३ च्या जुलै महिन्यांत कुंकळ्ळीचें प्रकरण झालें. सासष्टीचा मुख्य म्हणून नुकताच नेमलेला रुदोल्फो आक्वाव्हिव्हा हा संघाच्या सर्वाधिकाऱ्याचा पुतण्या; अकबराच्या दरबारीं तीन वर्षें काढून तो परतला होता. बादशहाशीं त्यानें वाद केला व सुखरूप परत आला. कुंकळ्ळीच्या गांवकऱ्यांशीं मात्र त्याला बोलण्याचीही वेळ मिळाली नाहीं. इगर्जीसाठीं जागा पाहण्यास तो चार सोबत्यांसह गांवांत गेला असतां गांवकऱ्यांनीं ह्या पांचही जणांना व त्यांच्याबरोबरच्या कांहीं लोकांना ठार मारलें. त्यांचीं देवळें दोनदां उद्ध्वस्त झालेलीं होतीं. तिसऱ्या खेपेस काय येणार हें ओळखून ते सज्ज झाले होते. प्रेतें विहिरींत टाकलीं होतीं. तीं मिळवून आणून त्यांची उत्तरक्रिया करण्याचें काम स्टीफन्सकडे आलें. मग पोर्तुगीज सरकारानें गांवच्या पुढाऱ्यांस बोलणीं करण्याच्या मिषानें असोळण्याच्या किल्ल्यांत बोलाविलें आणि जवळजवळ सर्वांची कत्तल केली. पांच पाद्र्यांस १८९३ मध्यें पोपनें धन्यपद दिलें. गांवकऱ्यांचें स्मारक कुंकळ्ळींत उभें राहण्यास एकविसावें शतक उजाडावें लागलें.

ह्या घटनेला तीन महिने झाले असतील नसतील, तोंच स्टीफन्सनें आपल्या भावास एक पत्र लिहिलें. त्यांत त्यानें म्हटलें आहे कीं, ह्या देशाच्या भाषा पुष्कळ आहेत, त्यांचे उच्चार कानाला वाईट लागत नाहींत, आणि त्यांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशीं मिळतीजुळती आहे. सर विल्यम जोन्सनें हाच विचार १७८६ सालीं कलकत्त्यास मांडला आणि त्यांतून भाषाशास्त्राची एक शाखा जन्मास आली. सासष्टीच्या पाद्र्याला तो दोनशें वर्षें आधीं सुचला होता. ज्या गांवांत आपल्या सोबत्यांचीं प्रेतें उचलावीं लागलीं, त्याच गांवच्या बोलीकडे तो इतक्या शांतपणें कान देऊं शकला, ह्याचें नवल वाटतें.

त्याच सुमारास जॉन न्यूबेरी, राल्फ फिच आदि चार इंग्रज हेर समजून गोव्यांत कैद झाले, तेव्हां स्टीफन्सनें खटपट करून त्यांना जामिनावर सोडविलें. त्यांतील स्टोरी नांवाचा चितारी कॉलेजांत रंगकामासाठीं राहिला. पाद्र्यांना वाटलें, हा आपल्यांत येईल. पण दीक्षा न घेतांच तो बाहेर पडला आणि गोव्यांतच त्यानें संसार थाटला.

पाद्र्यांचें घर मडगांवाहून फिरत फिरत शेवटीं रायतूरच्या किल्ल्यांत आलें. १६०६ मध्यें तेथें नव्या कॉलेजाचा पाया घातला गेला. त्या घरांतच पुढें छापखानाही चालला. पाद्री गांवोगांव जात, आजाऱ्यांस पाहत, आणि रविवारीं दुपारीं मुलांना धर्माचे पाठ देत. पुराणाच्या आरंभींच असा प्रसंग रंगविला आहे कीं, अशाच एका पाठाच्या वेळीं एक ब्राह्मण उठून पाद्र्यास विचारतो: आमचीं पुराणें तुम्हीं बंद केलींत, तर मग त्यांसारखें दुसरें पुराण आम्हांस कां देत नाहीं? हा प्रसंग खरोखर घडला कीं कवीनें कल्पिला हा प्रश्न गौण आहे. स्वतःच्याच घराविरुद्धची तक्रार त्यानें ग्रंथाच्या दारांत मांडून ठेवली, हें महत्त्वाचें.

तक्रारीचें उत्तर म्हणजे हें क्रिस्तपुराण. पहिलें पुराण ३६ अवस्वरूंचें व दुसरें ५९ अवस्वरूंचें. एकूण ओव्या १०,९६२. पहिल्यांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून यहुदी लोकांचा इतिहास येतो, दुसऱ्यांत येशूचें चरित्र. पण सांगण्याची धाटणी सर्वस्वीं पुराणिकाची. श्रोते शंका विचारतात, गुरु निरसन करतो, कथा पुढें सरकते. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो. एकनाथमहाराज १५९९ सालीं पैठणास समाधिस्थ झाले. स्टीफन्स त्यांचाच समकालीन, आणि ज्या ओवीनें पैठण-पंढरपुराकडील भाविकांचें कान घडविले तीच त्यानें उचलली. बोलीच्या बाबतींतही त्यानें विचारपूर्वक निवड केली. सासष्टींत घरोघर कोंकणी बोलत, परंतु पुराण ऐकण्याची संवय मराठीची होती. म्हणून ग्रंथ मराठींत रचला, आणि साध्या लोकांस कळावें म्हणून त्यांत कोंकणी शब्द मिसळले. कोंकणीलाही तो विसरला नाहीं. त्या भाषेंतील त्याची प्रश्नोत्तरी १६२२ सालीं व त्याचें व्याकरण १६४० सालीं छापून निघालें. हिंदुस्थानांतील भाषेचें छापलेलें पहिलें व्याकरण तेंच, असें मानतात. १६१९ सालीं मरण पावल्यामुळें दोहोंपैकीं एकही त्याला पाहावयास मिळालें नाहीं.

पुराण मात्र १६१६ सालीं त्याच्या डोळ्यांदेखत छापलें गेलें, पण रोमन लिपींत. देशी लिपींत छापावें अशी त्याची इच्छा होती, आणि १६०८ च्या एका पत्रांत त्यानें अडचणही लिहून ठेवली आहे. युरोपियन मुळाक्षरांना पंचवीसेक खिळे पुरतात. येथें अक्षरास काना-मात्रा-वेलांटी जोडतांच वेगळा खिळा लागतो, आणि सांचे सहाशेंच्या घरांत जातात. बालबोध टाइपाशीं झगडलेल्या एकोणिसाव्या शतकांतील मराठी मुद्रकांना हा हिशेब तंतोतंत पटला असता. तें काम सिद्धीस जाण्यास कॅरेच्या श्रीरामपूरच्या छापखान्याची आणि १८०५ सालाची वाट पाहावी लागली.

रविवारीं व सणावारीं इगर्जींतून हें पुराण वाचलें जाई. १६४९ व १६५४ सालीं तें पुन्हां छापलें गेलें. ह्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. १६८४ मध्यें पोर्तुगीज व्हाइसरॉयनें हुकूम काढला कीं, लोकांनीं तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावयास शिकावें. हुकूम अंमलांत आला नाहीं, कारण भाषा हुकमानें मरत नाहीं. मात्र पाद्र्यांनीं भाषा शिकण्याचा जुना नियम सैल पडावयास तेवढें निमित्त पुरलें. १७५९ सालीं तर पोर्तुगालनें जेझुइटांनाच आपल्या राज्यांतून हांकून दिलें. रायतूरचें कॉलेज १७६२ मध्यें बिशपच्या सेमिनरीस मिळालें. तो वाडा अद्याप उभा आहे.

ग्रंथ वांचला तो गोव्याबाहेर. गोव्यांतून कानडा प्रांतांत जाऊन वसलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं हस्तलिखित प्रती जपल्या, टिपूच्या काळच्या वाताहतींतूनही त्या राखल्या, आणि त्यांवरून १९०७ सालीं मंगळूरास जे. एल. सालढाणा ह्यांनीं रोमन लिपींतच नवी आवृत्ति काढली. पुढें १९२३ सालीं जस्टिन ॲबट ह्यांनीं लंडनच्या मार्स्डेन संग्रहांतील एक प्रत उजेडांत आणली. ॲबट अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे सोलापुरासही ज्याचें ठाणें होतें त्या प्रॉटेस्टंट मिशनचे. मराठी संतांचीं चरित्रें इंग्रजींत नेणारे म्हणून ते विद्वानांस परिचित आहेत. ती प्रत देवनागरींत होती. रोमन प्रतींत जेथें जेथें पोर्तुगीज धर्मशब्द आहेत, तेथें तींत संस्कृत शब्द आढळतात. स्टीफन्सनें मुळांत असेंच लिहिलें होतें, असें ॲबट ह्यांचें मत. ती मागाहून कोणी शुद्ध केलेली प्रत असावी, असें इतर कित्येकांचें. देवनागरी आवृत्ति पुण्यास शांताराम बंडेलू ह्यांनीं १९५६ सालीं प्रसिद्ध केली, आणि पहिल्या मुद्रणानंतर ३४० वर्षांनीं हें मराठी पुराण मराठी वाचकाच्या हातीं त्याच्या ओळखीच्या अक्षरांत आलें.