वहिवाटीचा न्याय : दमण ते दादरा

शेताच्या बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली पायवाट कुणी काटे लावून बंद केली, की आपण वहिवाटीचा दाखला देतो. कागद असो वा नसो, वापर हाच पुरावा. राष्ट्राराष्ट्रांतही हा न्याय चालतो काय, याचे उत्तर आपल्याच शेजारच्या एका वादाने दिले आहे.

दमण समुद्रकाठी, दादरा व नगरहवेली मात्र आत, भारतीय भूमीने वेढलेली. १७७९ च्या तहात मराठ्यांनी पोर्तुगिजांना बारा हजार रुपये वार्षिक उत्पन्नाचा मुलूख देऊ केला आणि १७८३ व १७८५ च्या सनदांनी ही गावे त्यांच्याकडे आली. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये तेथील पोर्तुगीज सत्ता उलथली आणि भारताने दमणहून जाणारी वाट रोखली. डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली.

१२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. मराठ्यांनी सार्वभौमत्व नव्हे, केवळ महसुलाचा अधिकार दिला होता; पोर्तुगीज सत्तेला मान्यता मिळाली ती पुढे ब्रिटिशांकडून, असे न्यायालयाने ठरविले. दोनच देशांमध्ये रूढी निर्माण होऊ शकत नाही, हे भारताचे म्हणणे त्याने फेटाळले. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल यांची ये-जा सव्वाशे वर्षे चालू होती आणि उभय पक्षांनी ती हक्क व कर्तव्य म्हणून मानली होती. म्हणून ती कायदा ठरली. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रास्त्रे यांना मात्र आधी परवानगी घ्यावी लागे. जे परवानगीवर अवलंबून, तो हक्क नव्हे, असा कौल आठ विरुद्ध सात मतांनी मिळाला. १९५४ च्या तणावात वाट रोखणे हे भारताच्या नियमनाच्या अधिकारातच होते, असेही नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरले.

रूढीचे मर्म येथे उलगडते. नुसते आचरण पुरेसे नाही. त्यामागे बांधिलकीची जाणीव हवी.

तरीही एक गोष्ट आपल्या मनाला बोचते. त्या न्यायालयात पक्षकार होऊ शकतात ती केवळ राष्ट्रे. ज्यांच्या अंगणावरून ती वाट जात होती, त्या वारली-कोकणा कुटुंबांना तेथे स्थान नव्हते. ऑगस्ट १९६१ मध्ये हा प्रदेश भारतात विलीन झाला व १९७४ च्या अखेरीस पोर्तुगालनेही ते मान्य केले. वहिवाट राजसत्तांची मोजली गेली; तेथे राहणाऱ्यांची त्याहून जुनी वहिवाट कोण मोजणार, हा प्रश्न आपण विसरू नये.