आधी पाच, मग वीस

आमच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात एक स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे. पाठ्यपुस्तकी मराठीत त्याला वर्णपटमापक म्हणतात. आमचे लॅब असिस्टंट त्याला ‘आजोबा’ म्हणतात. १९९२ साली तो आला तेव्हा प्राचार्यांनी हार घालून नारळ फोडला होता, आणि नारळाचं पाणी यंत्रावर उडू नये म्हणून मी मध्ये उभा राहिलो होतो. विज्ञानासाठी मी अंगावर घेतलेलं हे पहिलं आणि शेवटचं संकट.

यंत्राचं काम तसं साधं. द्रावणातून एकेका रंगाचा प्रकाश सोडायचा आणि पलीकडे किती पोचला ते मोजायचं. डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरणही त्यात आले. पाण्यातलं नायट्रेट २२० नॅनोमीटरचा प्रकाश गिळतं, त्यामुळे शेतातलं खत विहिरीत किती उतरलंय ते कळतं. १९९४ साली आम्ही पोरांना घेऊन आसपासच्या बत्तीस विहिरी अशा मोजल्या होत्या. आलेख छापले, फाइल केली, फाइलीला गुलाबी नाडी बांधली.

गेल्या दिवाळीत कॉलेजने आजोबांना भंगारात काढायचं ठरवलं आणि निर्लेखन समितीवर ‘जाणकार’ म्हणून मला, म्हणजे निवृत्त माणसाला, बोलावलं. मी गहिवरून ती फाइल सोडली. कागद कोरे! आलेख थर्मल कागदावर होते. त्यात शाई नसते. उष्णतेने काळा पडणारा रासायनिक लेप असतो आणि वर्षांनुवर्षांत तो फिका होतो. हे मी विसरलो होतो. मी, रसायनशास्त्राचा प्राध्यापक.

तेव्हा मला फ्राउनहोफर आठवला. अकराव्या वर्षी पोरका झालेला हा जर्मन मुलगा म्युनिकला आरसे बनवणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी करत होता. १८०१ साली मालकाचं घर कोसळलं आणि हा चौदा वर्षांचा पोरगा ढिगाऱ्याखालून जिवंत निघाला. बव्हेरियाच्या सत्ताधीशाने खूश होऊन पैसे दिले, तर यानं त्यातून काच घासायचं यंत्र घेतलं! पुढे भिंगांची काच पारखताना, १८१४ साली, सूर्यप्रकाशाच्या रंगीत पट्ट्यात त्याला काळ्या रेषा दिसल्या. पाचशेहून जास्त. त्यानं त्या मोजून हाताने काढल्या. ते चित्र आज कोणीही वाचू शकतं. त्याला दोनशे वर्षं झाली. आमच्या कागदाला तीस.

त्या रेषांचा अर्थ लावला किर्खोफ आणि बुन्सेन यांनी, १८५९ च्या सुमारास हायडेलबर्गला. बुन्सेनने पुढच्याच वर्षी एका झऱ्याच्या पाण्यात दोन अनोळखी निळ्या रेषा पाहिल्या आणि ते मूलद्रव्य, म्हणजे सीझियम, हाती लागावं म्हणून हजारो लिटर पाणी आटवलं. मिळाले ते क्षार काही ग्रॅम! त्याच्यापुढे आमच्या बत्तीस बाटल्यांचं कौतुक सांगायची सोय नाही.

पण पाहा, इथवर आकडे माणसाच्या डोळ्यांतून वहीत जात होते. १९४१ साली अमेरिकेत बेकमनचं ‘डीयू’ यंत्र आलं. डोळ्याच्या जागी प्रकाशनळी बसली, तरी माणूस बटण फिरवून, काटा जुळवून, आकडा स्वतः लिहून घेई. १९४७ साली कॅरीचं यंत्र आलं, ते आलेख आपणच काढू लागलं. मग कॉम्प्युटर आला आणि आकडे लक्षात ठेवायचं कामही सुटलं.

आमचा कॉम्प्युटर दहा वर्षांपूर्वी वारला. प्रोग्राम होता फ्लॉपीवर, आणि फ्लॉपी घालायला तोंड असलेलं यंत्र आता कोणाकडे आहे? विक्रेत्याने “ते मॉडेल बंद झालं” एवढंच कळवलं. असिस्टंट म्हणाले, “सर, आजोबा ठणठणीत आहेत. त्यांची भाषा कळणारं माणूस गेलंय.”

माझी भाची पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिवाळीला आली होती, तिला नेलं. यंत्राच्या पाठीमागे आरएस-२३२ नावाचं जुनं भोक निघालं. १९६० सालचा हा रिवाज, टेलिप्रिंटरच्या काळातला. तिने वायरी उलटसुलट जोडल्या, कारण एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला लावावं लागतं. मॅन्युअलमधल्या आज्ञा होत्या. उत्तर कसं वाचायचं ते पान मात्र वाळवीने वाचलं होतं.

आजोबा बोलले. १२०२ अक्षरं, सगळी अगम्य. “मामा, १२०२ ला दोनाने भागा.” ६०१! २०० पासून ८०० नॅनोमीटरपर्यंत, दोन्ही टोकं धरून, मापं ६०१ च. म्हणजे प्रत्येक माप दोन अक्षरांचं. पण चित्र काढलं तर नुसतं कुंपणावरचं तारेचं भेंडोळं.

प्रिन्सेपने १८३७ साली ब्राह्मी लिपी सोडवली ती सांचीच्या शिलालेखांवरून. ओळींच्या शेवटी तीच अक्षरं पुन्हा पुन्हा येत. भक्तांच्या देणग्या असणार, तेव्हा शब्द असणार ‘दानं’. आम्हालाही असा एखादा माहीत असलेला शब्द हवा होता. असिस्टंटनी न विचारता परमँगनेटचं जांभळं पाणी आणून ठेवलं. त्याच्या वर्णपटात ५२५ आणि ५४५ ला जोडशिखरं असतात, हे त्यांना माझ्याइतकंच पाठ.

तासाभराने भाची ओरडली, “मामा, हे मशीन मराठीत मोजतंय!” आपण लिहितो २५, पण म्हणतो पंचवीस, आधी पाच, मग वीस. यंत्रही मापातलं लहान अक्षर आधी पाठवत होतं, मोठं नंतर. तिने जोड्या उलटवल्या आणि ५२५, ५४५ ला चक्क दोन दऱ्या उमटल्या.

“शिखरं कुठायत?” तिचा चेहरा पडला. इथे मात्र आमच्या चाळीस वर्षांच्या मास्तरकीचा उपयोग झाला. हा पलीकडे पोचलेला प्रकाश, अगं! शुद्ध पाण्याच्या मापाने भाग आणि लॉगॅरिदम घे. बेअरचा नियम, १८५२. दऱ्यांचे डोंगर झाले. रेघ जरा थरथरत होती. जुना प्रोग्राम तिला इस्त्री करून दाखवायचा. हा खरा कच्चा माल.

मग असिस्टंटनी पिशवीतून दोन वस्तू काढल्या. एक त्यांची १९९४ सालची वही. कागदावर विश्वास नव्हता म्हणून पडद्यावरचा प्रत्येक आकडा त्यांनी पेनाने उतरवून ठेवला होता, बत्तीसही विहिरी. दुसरी, घरच्या विहिरीच्या पाण्याची बाटली. वहीत त्या विहिरीपुढे लिहिलं होतं: नायट्रेट, लिटरला १८ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याला ४५ ची मर्यादा आहे.

पाणी ठरल्या पटीत पातळ करून दोनदा मोजलं. दोन्ही वेळा ६१ आलं.

भाची ते सेव्ह करत होती तेवढ्यात त्यांनी १८ शेजारी पेनाने ६१ लिहिलं, तारीख घातली, आणि व्हरांड्यात जाऊन घरी फोन लावला. नातू तीन महिन्यांचा आहे, वरचं दूध चालू. “सूनबाई, बाळाच्या दुधाला विहिरीचं पाणी घेऊ नकोस. ... नाही गं, उकळून उपयोग नाही, उकळलं तर वाढतं, सर इथेच आहेत. ... मी येताना बाटल्या आणतो.”