थेंबासारखी मोटार

वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. १८९९ मध्ये बेल्जियमच्या कामिय जेनात्झीने टॉर्पेडोच्या आकाराच्या, विजेवर चालणाऱ्या मोटारीतून ताशी १०५.८८ किलोमीटर वेग गाठला. पण चाके आणि चालक उघड्यावरच! हवेला अडवायला तेवढे पुरेसे होते.

१९२१ मध्ये विमाने बांधणाऱ्या एडमुंड रुम्प्लरने बर्लिनच्या प्रदर्शनात वेगळीच मोटार मांडली. वरून पाहता ती थेंबासारखी, मागे निमुळती होत गेलेली. जेमतेम शंभर मोटारी बनल्या. १९७९ मध्ये वातविवरात, म्हणजे वारा सोडलेल्या बोगद्यात, तपासल्यावर तिचा विरोधांक अवघा ०.२८ भरला, तेव्हाच्या अनेक नव्या मोटारींपेक्षा कमी.

आपणही वर्गात फुंकर घालून पाहू या. बाटलीमागची मेणबत्ती विझते. सपाट पुठ्ठ्यामागची ज्योत मात्र उलट पुठ्ठ्याकडेच झुकते. मोटारीची पाठ निमुळती का हवी, ते तिथेच कळते.