पोथीविना पाळलेला शनिवार

आमच्या गणपतीपुळ्यात चौदा प्रेतांची गोष्ट लहानपणीच कानावर पडते. समुद्रातून वाहत आलेली चौदा प्रेतं परशुरामाने जिवंत केली आणि त्यांच्यापासून चित्पावन झाले. इथून किनाऱ्याने उत्तरेला, अलिबागजवळच्या नवगावात, आणखी चौदा जणांची गोष्ट आहे. गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तरल्या, बुडालेल्यांना पुरुष वेगळे आणि बायका वेगळ्या असं दोन ढिगांखाली पुरलं. ही बेने इस्रायल लोकांची, म्हणजे आपल्या मराठी ज्यूंची परंपरा. ग्रंथही समुद्राने नेले. पाठ राहिली ती ‘शेमा’ ही प्रार्थना.

मी शाळेत इतिहास शिकवत असे, आता घरच्याच ओटीवर खानावळ चालवते. या लोकांचा विचार करताना माझं लक्ष राजे-लढायांपेक्षा चुलीकडे जातं, ते त्यामुळेच असेल.

जे ग्रंथ कोकणात नव्हते, त्यांची कथा आधी सांगायला हवी. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचं मंदिर जाळलं. बळी आणि पुरोहित दोन्ही थांबले. देवळाशिवाय धर्म चालवायचा कसा, हे ठरवायला रब्बी, म्हणजे ज्यू धर्मपंडित, पुढे आले. सुमारे २०० साली गालिलात यहुदा हनासी यांनी ‘मिश्ना’ ही धर्मनियमांची संहिता सिद्ध केली. तिचे भाग सहा: शेती, सण, लग्न-घटस्फोट, नुकसानभरपाई, बळी आणि शुद्धाशुद्ध. पुढे कित्येक पिढ्या बाबिलोनियातल्या सुरा, पुंबेदिता अशा विद्यापीठांत तिच्यावर खल झाला आणि बाबिलोनी तालमूद आकाराला आलं. वेदपाठशाळेत घनपाठी असावा तसे तिथेही संहिता मुखोद्गत म्हणणारे असत. मिश्ना-तालमुदाचे पंडित दक्षिणेवर जगणारे नव्हते. योहानान चपला शिवत, रव पापा खजुराची बीअर गाळत.

कोकणातले ज्यूही कष्टकरीच. तेलाचा घाणा हा त्यांचा मुख्य धंदा, आणि शनिवारी, ज्यूंच्या विसाव्याच्या दिवशी, घाणा बंद, म्हणून गावाने नाव दिलं ‘शनवार तेली’. शनिवारी वर्ज्य अशी ३९ कामं मिश्नेत मोजून दिली आहेत. कोकणातल्या तेल्याकडे ती यादी नव्हती. बैल सोडलेला असे, एवढं त्याला पुरे होतं. मुलांची सुंता आठव्या दिवशी होई, तीही न चुकता.

दावीद राहाबी नावाचा परदेशी ज्यू या लोकांपर्यंत पोहोचल्याची आठवण ते सांगतात. बरेच अभ्यासक त्याला १८व्या शतकातल्या कोचीनच्या राहाबी घराण्याशी जोडतात. हे खरे ज्यू की काय, हे पाहायला त्याने बायकांपुढे मिसळीची मासळी ठेवली. त्यांनी पर आणि खवलं नसलेली बाजूला काढली. कोलंबी, कुर्ल्या, मुशी त्यांच्या चुलीवर चढतच नसत. बाबिलोनचे पंडित ज्यावर पानंच्या पानं वाद घालत, ती परीक्षा इथल्या बायका पाटीतल्या मासळीवर पास झाल्या. मटणाच्या रश्शात दूध-दही न घालता नारळाचं दूध घालायची त्यांची रीतही तशीच. राहाबीने मग झिराडकर, राजपुरकर आणि शापूरकर या घरांतल्या तिघांना शिकवलं, आणि त्या घराण्यांत काजीपण आलं.

सणांची नावंही अस्सल कोकणी: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण. मंदिर पडल्याच्या दिवसाचा उपास इथे बिरड्याचा झाला, म्हणजे आपल्या वालाच्या बिरड्याचा. हनुक्का मात्र त्यांना ठाऊक नव्हता. त्यावरून हे लोक तो सण सुरू होण्याआधीच, इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात, निघाले असं हाईम सॅम्युएल केहीमकरांसारख्या त्यांच्याच इतिहासकाराने मांडलं. मला हा पुरावा लंगडा वाटतो. खुद्द मिश्नेत पुरीम या सणावर स्वतंत्र प्रकरण आहे, हनुक्कावर नाही. जिथे पंडितांनीच त्याला वेगळं पान वाढलं नाही, तिथे तेल्याच्या घरी तो नसला म्हणून सनावळी कशी ठरवायची?

ग्रंथ कोकणात पोहोचले ते मराठीतून. १७९६ मध्ये त्यांच्यातल्याच सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं. मशीद बंदर हे नाव त्याच्यावरूनच पडलं असं सांगतात. १८३२ मध्ये जॉन विल्सन या मिशनऱ्याने मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. जोसेफ इझिकेल राजपुरकरांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरं केली. १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडणाच्या सणात वाचायची सचित्र हग्गादा छापली गेली.

आणि मग तालमुदाचा फटका बसला तो इस्रायलमध्ये. १९४८ नंतर हजारो बेने इस्रायल तिकडे गेले, तेव्हा काही रब्बींनी त्यांची इतर ज्यूंशी लग्नं लावायला नकार दिला. कारण काय, तर रब्बींच्या रीतीचं घटस्फोटपत्र आणि दिराने विधवेला मोकळं करायचा विधी बेने इस्रायलांना ठाऊक नव्हते. तेव्हा जुन्या काळातल्या त्यांच्या लग्नांचा भरवसा काय? १९६२ मध्ये त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ तपासायचा आदेश निघाला. पेण-रोह्याची माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली. १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं ठरवलं आणि रब्बींना आदेश बदलावा लागला.

तालमूद मोठंच आहे. देऊळ गेल्यावर अख्खा समाज त्याने ग्रंथावर उभा केला. पण ज्यांच्या हाती तो ग्रंथ कधी दिलाच नव्हता, त्यांची परीक्षा त्याच ग्रंथातून घेणं हा अन्याय होता. कोकणातल्या तेल्यांनी आणि त्यांच्या बायकांनी शनिवार आणि चूल सांभाळून तो धर्म आधीच सिद्ध केला होता.