पाच नगरे, पाच देव आणि एक खटला

देवाच्या धनाचा धनी कोण, हा प्रश्न आमच्या देवस्थानांच्या बैठकींत वारंवार निघतो. म्हणून तो केवळ आमचाच आहे असे पुष्कळांस वाटते. वास्तविक भूमध्य समुद्राच्या काठी तो दोन हजार वर्षांपूर्वी भर न्यायालयात लढला गेला आहे. इटलीच्या दक्षिण टोकाशी सिसिली नावाचे जे मोठे त्रिकोणी बेट आहे, त्याच्या किनाऱ्याने आम्ही फिरलो, तेव्हा हातात प्रवाशांचे मार्गदर्शक पुस्तक नव्हते. एका जुन्या खटल्याचे कागद होते. वकिलाने तीर्थयात्रेस जातानाही बासन बरोबर न्यावे, हा आमच्या व्यवसायाचा दोष समजून वाचकांनी सोडून द्यावा.

खटला इ. स. पू. ७० मधला. सिसिली हा रोमचा पहिला प्रांत, इ. स. पू. २४१ मध्ये कार्थेजचा पराभव करून रोमने तो मिळविला. तेथे इ. स. पू. ७३ ते ७१ अशी तीन वर्षे गायस व्हेरेस हा सुभेदार होता. धान्याच्या वसुलीत त्याने प्रजेस नागविलेच. पण शिल्पे, चित्रे आणि देवमूर्ती यांचा त्याला असा लोभ होता की देवळाचा गाभाराही त्याच्या हातून सुटला नाही. त्याची मुदत संपताच सिसिलीची नगरे सिसेरोकडे गेली. सिसेरो इ. स. पू. ७५ मध्ये याच बेटावर खजिन्याचा अधिकारी होता आणि स्वच्छ हाताने परत गेला होता. पुराव्यासाठी त्याने ११० दिवसांची मुदत मागून घेतली आणि ५० दिवसांत सारे बेट पालथे घातले. त्याच्या भाषणांपैकी एक संपूर्ण भाग देवळांच्या व मूर्तींच्या लुटीविषयी आहे. आम्ही त्याच्या मागोमाग निघालो.

मेसिना : खरेदी

इटलीच्या मुख्य भूमीवरून येणारी आगगाडी सामुद्रधुनीपाशी डबे सुटे करून बोटीत चढते आणि मेसिनास उतरते. १९०८ च्या भूकंपाने हे नगर जमीनदोस्त झाले. म्हणून आज दिसते ते बहुतेक नंतरचे. येथे हेयस नावाच्या प्रतिष्ठित गृहस्थाच्या घरी पूर्वजांपासून चालत आलेले देवघर होते, आणि त्यात थोर ग्रीक शिल्पकारांच्या हातच्या मूर्ती होत्या. व्हेरेसने त्या नेल्या, आणि वर म्हटले, आम्ही त्या विकत घेतल्या. वहीत नोंद पाहा. नोंद होती : साडेसहा हजार सेस्टर्स. सिसेरोचे म्हणणे असे की ही रक्कम त्या मूर्तींच्या मोलापुढे थट्टाच होय. आणि ज्याच्या हाती दंडशक्ती आहे, त्याने प्रजाजनाकडून केलेली खरेदी ही खरेदी नव्हेच. दबावाखालची संमती म्हणजे संमती नव्हे, हे तत्त्व आम्ही आज कराराच्या कायद्यात शिकतो.

गंमत अशी की मेसिनाने व्हेरेसची प्रशंसा करण्यासाठी जे शिष्टमंडळ रोमला पाठविले, त्याचा प्रमुख हाच हेयस होता. नगराच्या वतीने त्याने प्रशंसा केली आणि स्वतःच्या वतीने साक्ष दिली. त्याने पैशाची मागणी केली नाही. माझ्या वाडवडिलांचे देव मला परत द्या, एवढेच तो म्हणाला. आमच्याकडे कलकत्त्याच्या एका कुटुंबातील कुलदेवतेच्या वादात प्रिव्ही कौन्सिलने १९२५ मध्ये निर्णय दिला, की मूर्ती ही इकडून तिकडे हलविण्याची सामान्य जंगम वस्तू नव्हे. तिला कायद्याच्या दृष्टीने व्यक्तित्व आहे, आणि ती कोठे राहावी याविषयी तिची इच्छा तिच्या स्वतंत्र प्रतिनिधीमार्फत ऐकली पाहिजे. हेयसजवळ हे शास्त्र नव्हते; भावना मात्र नेमकी हीच होती.

कातानिया : चोरी

दक्षिणेस एटना पर्वताच्या पायथ्याशी कातानिया आहे. १६६९ चा लाव्हारस आणि १६९३ चा भूकंप यांनी जुने नगर गाडले. नव्याने बांधलेल्या कित्येक इमारती काळ्या ज्वालामुखी दगडाच्या आहेत. येथे धान्यदेवता सेरेस हिचे पुरातन स्थान होते. तिच्या गाभाऱ्यात पुरुषांना प्रवेश नसे. पूजा स्त्रियाच करीत. सुभेदाराच्या गुलामांनी रात्री तेथून मूर्ती पळविली. ओरड होताच एका भलत्याच गुलामावर आळ घेऊन त्यास नगरसभेपुढे उभे करण्यात आले. परंतु सभेने देवीच्या पुजारिणींनाच विचारले, त्यांनी घडले ते निर्भयपणे सांगितले, आणि तो गुलाम एकमताने निर्दोष सुटला. सत्तेने रचलेला खोटा खटला पुजारिणींच्या साक्षीने कोसळावा, ही घटना आम्हांस मूर्तीच्या चोरीपेक्षाही स्मरणीय वाटते.

सिराक्यूज : अधिकार

कोरिंथच्या ग्रीकांनी इ. स. पू. आठव्या शतकात वसविलेले हे नगर एके काळी अथेन्सच्या तोडीचे होते. इ. स. पू. ४१३ मध्ये त्याने अथेन्सचे आरमारच बुडविले, आणि सुमारे सात हजार युद्धकैद्यांना दगडांच्या खाणींत कोंडले. त्या खाणी आजही पाहता येतात. मात्र आत लिंबांची नि संत्र्यांची झाडे डवरलेली दिसतात. ओर्तिजिया नावाच्या छोट्या बेटावर मूळ वस्ती होती. तेथील मुख्य ख्रिस्तमंदिराचा दर्शनी भाग अठराव्या शतकातला, नक्षीदार. परंतु बाजूच्या गल्लीत वळताच भिंतीत चिणलेले प्रचंड डोरिक खांब दिसतात. हे खांब अथीना देवीच्या देवळाचे होत. इ. स. पू. ४८० मध्ये हिमेरा येथे कार्थेजवर मिळविलेल्या जयानंतर ते देऊळ उभे राहिले, आणि इसवी सनाच्या सातव्या शतकात त्याचे चर्च झाले. देव बदलला, पण दिवा विझला नाही. म्हणून भिंती राहिल्या.

इ. स. पू. २१२ मध्ये रोमन सेनापती मार्सेलस याने हे नगर लढून जिंकले. याच वेळी आर्किमिडीज मारला गेला. नगर लुटले गेले, परंतु अथीनेच्या या देवळास त्या विजेत्याने हात लावला नाही, असे सिसेरो सांगतो. जे युद्धात वाचले ते व्हेरेसने शांततेत नेले : भिंतींवरील चित्रे, सिसिलीच्या राजांच्या २७ प्रतिमा, दारांवरील हस्तिदंती काम, सोन्याच्या फुल्या. येथे ना खरेदी, ना रात्रीची चोरी. दिवसाढवळ्या, केवळ हुकुमाने.

आग्रिजेंतो : बळ

दक्षिण किनाऱ्यावर डोंगराच्या कण्यावर ओळीने उभी असलेली देवळे हे आग्रिजेंतोचे वैभव. काँकॉर्डियाचे म्हणून ओळखले जाणारे देऊळ जवळजवळ पूर्ण उभे आहे. कारण त्याचेही सहाव्या शतकाच्या अखेरीस चर्च झाले होते. उलट झ्यूसचे अतिप्रचंड देऊळ ओसाड पडले, आणि अठराव्या शतकात त्याचे दगड जवळच्या बंदराच्या बांधकामास वाहून नेण्यात आले. ज्या देवळाला उपासक उरत नाही, त्याचा शेवट बहुधा असा होतो.

हर्क्युलीसच्या देवळाचे म्हणून दाखविले जाणारे आठ खांब गेल्या शतकात पुन्हा उभारलेले आहेत. त्या देवाची एक काशाची मूर्ती या नगरात होती. भक्त नुसते हात जोडीत नसत, मूर्तीच्या मुखाचे चुंबन घेत. त्यामुळे तिचे ओठ व हनुवटी झिजली होती. विठोबाच्या पायांवर डोके टेकणाऱ्यांस याचे नवल वाटणार नाही. एका रात्री सुभेदाराचे सशस्त्र गुलाम देवळात घुसले. रखवालदार मार खाऊनही ओरडत राहिले. दार फुटले, पहारी लावून, दोर बांधून मूर्ती ओढण्याचा उद्योग तासभर चालला, पण ती हलेना. तोवर नगरात वार्ता पोहोचली होती. म्हातारेकोतारेही हाती सापडेल ते शस्त्र घेऊन धावले, दगडांचा वर्षाव झाला, आणि लुटारू दोन चिमुकल्या मूर्ती तेवढ्या घेऊन पळाले. व्हेरेस या शब्दाचा लॅटिन अर्थ रानडुकरासारखा नर डुक्कर. तेव्हा हर्क्युलीसने मारलेल्या वराहाच्या जोडीस हाही धरावा, असा विनोद सिसिलीकरांनी केला.

सेजेस्ता : धाक

पश्चिमेस मार्सालाच्या मिठागरांवरून आम्ही उत्तरेच्या डोंगरात सेजेस्तास गेलो. ३६ खांबांचे, अपुरे राहिलेले देऊळ निर्जन टेकडीवर उभे आहे. त्यास छप्पर नाही, गाभारा नाही. या नगराची डायना देवीची मूर्ती पूर्वी कार्थेजने नेली होती. इ. स. पू. १४६ मध्ये कार्थेज पाडल्यावर सिपियोने ती परत आणून दिली, आणि चौथऱ्यावर तसा लेख कोरला. व्हेरेसने ती मागितली. नगरसभेने नकार दिला; मग करांचा नि शिक्षांचा असा तगादा लागला की अखेर ती वाकली. परंतु मूर्तीस हात लावण्यास नगरातला एकही माणूस, स्वतंत्र वा गुलाम, पुढे होईना. बाहेरून मजूर आणावे लागले. देवी निघाली तेव्हा सेजेस्ताच्या स्त्रिया व कुमारिका वाटेवर जमल्या, त्यांनी तिला सुगंधी तेल लावले, फुले वाहिली, धूप जाळला, आणि शीवेपर्यंत तिची पाठराखण केली. मागे उरलेला लेखाचा चौथरा व्हेरेसने नंतर काढून टाकविला. पुरावा नाहीसा करणे ही युक्ती आमच्या काळातली नव्हे.

गोमंतकातील वाचकांस हा प्रसंग वाचताना सोळाव्या शतकाची आठवण होणे अपरिहार्य आहे. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. देव तेथेही शीव ओलांडून गेले; पण भेद मोठा आहे. सेजेस्ताची देवी लुटारूंबरोबर गेली आणि भक्त मागे राहिले. आमचे देव भक्तांबरोबर गेले, मागे राहिल्या त्या रिकाम्या जागा. म्हणूनच तिकडे ३६ खांब आहेत आणि पूजा नाही. इकडे मूळचा खांब नाही, पण पालखी निघते.

खटल्याचा शेवट थोडक्यात सांगतो. व्हेरेसचा वकील हॉर्टेन्सियस पुढील वर्षी कॉन्सल व्हावयाचा होता. तोवर काम लांबवावे असा त्या पक्षाचा डाव होता. सिसेरोने लांब भाषण टाळून साक्षीदारच उभे केले. व्हेरेस निकालाची वाट न पाहता मासिलियास पळाला. लुटीविषयीचे ते प्रसिद्ध भाषण न्यायालयात झालेच नाही, ते लिहून प्रसिद्ध केले गेले. तेव्हा त्यास प्रतिपक्षाचे उत्तर मिळालेले नाही, हेही न्यायबुद्धीने ध्यानी ठेवावे. इ. स. पू. ४३ मध्ये सिसेरो आणि व्हेरेस दोघेही मारले गेले. व्हेरेसचा जीव त्याने अँटनीस न दिलेल्या काशाच्या भांड्यांपायी गेला, असे प्लिनी लिहितो.

हे सारे जुनेपुराणे झाले असे कोणी म्हणेल. पण याच बेटावर मॉर्गांतिना येथून चोरून नेलेली देवीची मूर्ती अमेरिकेच्या गेटी संग्रहालयातून २०११ मध्ये परत आली. आमच्या तामिळनाडूतील पत्तूर येथील नटराज लंडनला पोहोचला होता. पडीक झालेल्या देवळासही दावा लावण्याचा अधिकार आहे, हे तेथील न्यायालयांनी मान्य केले, आणि १९९१ मध्ये तो स्वदेशी आला. कायदा आहे, तो उपयोगी पडतो. पण तो चोरीनंतर धावतो, आणि तोही मूर्ती कोणाची हे सिद्ध झाले तर. म्हणून देवस्थानाच्या वहीत प्रत्येक मूर्तीची, दागिन्याची, समईची नोंद वजनासह व छायाचित्रासह असावी, आणि ती वर्षातून एकदा महाजनांसमोर वाचली जावी.

त्या पाच नगरांपैकी चारांनी आपले देव गमावले. पाचव्याजवळ वेगळा कायदा नव्हता, मोठा वकीलही नव्हता. मार खाऊन ओरडत राहणारे रखवालदार होते, आणि ती ओरड ऐकून अंथरुणातून उठणारा गाव होता.